देवाच्या पैशाचा ताळमेळ

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची एक आख्यायिका कीर्तनातून घरोघर पोहोचलेली आहे. नाथ देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामींनी हिशेबाचे काम त्यांच्याकडे सोपविले होते. एके दिवशी हिशेबात एका पैचा फरक आला. तो काही केल्या सापडेना. रात्र झाली, दिव्यातले तेल संपत आले, तरी नाथ कीर्द-खतावणीवरून उठले नाहीत. उत्तररात्री ती चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. स्वामींनी ते पाहिले आणि शिष्याला समजाविले, की एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद होतो, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल!

कीर्तनकार या कथेचा उत्तरार्ध रंगवून सांगतात, आणि ते योग्यच आहे. आजच्या विवेचनाचा विषय मात्र तिचा पूर्वार्ध आहे. ती पै नाथांची स्वतःची नव्हती. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली होती, म्हणून त्यांना झोप आली नाही. देवळाचा पैसा याच जातीचा असतो. निंदणाच्या मजुरीतून बाईने दिलेले ११ रुपये असोत, की पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाने पाठविलेले ५,००१ असोत, तो पैसा समितीच्या हाती ठेव म्हणून आलेला असतो. ठेवीला हिशेब लागतो.

हिशेबाची जुनी परंपरा

वाशिमच्या मातीला लेखी नोंद नवी नाही. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेल्या दानाचा ताम्रपट वाशिम येथेच मिळाला. दान कोणी दिले, काय दिले, कोणाला दिले आणि कोणत्या वर्षी दिले, हे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवले गेले. आजच्या पावतीपुस्तकातही हीच चार उत्तरे असावी लागतात.

पुढे तेराव्या शतकात यादवांच्या राज्यात हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत झाले. विदर्भ-मराठवाड्यातली काळ्या दगडांची जुनी देवळे त्यांच्या नावाने ओळखली जातात. हेच हेमाडपंत यादवांचे श्रीकरणाधिप होते, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख. देवळाच्या बांधणीला ज्याचे नाव मिळाले, तोच दप्तराचाही अधिकारी असावा, हा योग जीर्णोद्धार समितीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हेमाडपंती देवळात दगडाला दगड चुन्याने चिकटविलेला नसतो. एका दगडाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसते आणि एकाचा भार दुसरा पेलतो. हिशेबाची द्विनोंदी पद्धत तशीच आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावयाचा, एका खात्याच्या नावे आणि दुसऱ्या खात्यास जमा. दोन्ही रकमा सारख्या. एक दगड ढळला, की दुसरा हलतो आणि चूक कळते. युरोपात ही पद्धत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी चालविली, आणि लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात तिचे विवेचन केले.

एका खजिनदाराची गोष्ट

आता एक गाव कल्पावे. काळ्या रानाचे, सोयाबीन-तुरीचे, हजार-बाराशे वस्तीचे. तेथे मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. तीस वर्षे शाळेत शिकविलेले एक निवृत्त गुरुजी खजिनदार झाले. माणूस निर्मळ. स्वतःच्या चहाचे पैसेही कधी देवळाच्या खर्चात न धरणारा. चैत्रात, रामनवमीच्या आधी ग्रामस्थांची बैठक भरली. गुरुजींनी वही वाचून दाखविली, की ३१ मार्चअखेर बँकेत शिल्लक १,८६,४०० रुपये. इतक्यात एका तरुणाने पासबुक उघडले. त्यात त्याच तारखेची शिल्लक होती १,४९,०१५ रुपये.

"गुरुजी, पासबुकात त इतकेच दिसून राह्यले. बाकीचे कुठं गेले?"

फरक ३७,३८५ रुपयांचा. गुरुजींनी वही चाळली, चष्मा पुसला, पण उत्तर सुचेना. कोणी वाईट बोलले नाही. फक्त सगळे गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी देवळाची पायरी चढणे सोडले.

हे गाव कल्पनेतले आहे, पण असा प्रसंग कोणत्याही समितीवर येऊ शकतो. त्या देवळाचा एक पैसाही गेला नव्हता. गेला तो एक चांगला माणूस. प्रामाणिकपणा मनात असतो. तो दुसऱ्याला दिसावा यासाठी वही लागते. आजचे सगळे विवेचन त्या ३७,३८५ रुपयांच्या शोधासाठी आहे.

जमा आणि नावे

शोधाची सुरुवात नोंदीपासून करावी लागते. जुन्या मंडळींना रोजमेळ ठाऊक आहे. आले ते जमा, गेले ते खर्च. द्विनोंदी पद्धतीत मात्र रोख आली, की "रोख खाते नावे" असे लिहितात, आणि येथेच माणूस गोंधळतो. आलेला पैसा नावे कसा?

यासाठी "नावे" या शब्दाचा साधा अर्थ धरावा. ज्याच्या नावे रक्कम लिहिली, त्याच्यावर तिची जबाबदारी आली. तिजोरी म्हणजे एक माणूस समजावा. गावाने ६२,००० रुपये वर्गणी रोख दिली, ती तिजोरीने घेतली. म्हणून ६२,००० तिजोरीच्या नावे पडले, ती त्याला जबाबदार झाली. दिले कोणी? जीर्णोद्धारासाठी गावाने. म्हणून जीर्णोद्धार निधी खाते जमा. दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम बँकेत भरली. आता बँकेने घेतले, म्हणून बँक खाते नावे ६२,०००. तिजोरीने दिले, म्हणून रोख खाते जमा ६२,०००. तिजोरी जबाबदारीतून मोकळी झाली.

खात्यांचे तीन प्रकार आणि त्यांचे तीन नियम शाळेत शिकविले जातात. माणसाच्या किंवा संस्थेच्या खात्यात घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्यास जमा. वस्तू व मालमत्तेच्या खात्यात जे आले ते नावे आणि जे गेले ते जमा. खर्च व उत्पन्नाच्या खात्यात खर्च व तोटा नावे आणि उत्पन्न व नफा जमा. एवढे तीन नियम पाठ असले, तर देवळाचा बहुतेक हिशेब लिहिता येतो.

शिखराचे काम करणाऱ्या मिस्त्रीला २०,००० रुपये आगाऊ धनादेशाने दिले. हा अजून खर्च झालेला नाही. मिस्त्रीने घेतले, म्हणून मिस्त्रीचे खाते नावे २०,०००, बँक खाते जमा २०,०००. महिन्याने त्याने ६०,००० रुपयांच्या कामाचे बिल दिले. त्या दिवशी बांधकाम खाते नावे ६०,०००, मिस्त्रीचे खाते जमा ६०,०००. मिस्त्रीच्या खात्यावर नजर टाकली, की त्याचे ४०,००० रुपये देणे आहे हे आपोआप दिसते. ज्या वहीत फक्त दिलेले पैसे लिहिलेले असतात, तिच्यात हे देणे कुठेच दिसत नाही. समितीला वाटते पैसा शिल्लक आहे, आणि मिस्त्री दारात उभा असतो.

धान्यदानाचेही तसेच. तुरीच्या खळ्यानंतर दोन क्विंटल तूर देवळात आली. भाव ७,००० धरला, तर धान्यसाठा खाते नावे १४,००० आणि धान्यदान खाते जमा १४,०००. पावतीवर वजन लिहावे, आणि विकल्यावर बाजार समितीची पट्टी जोडावी. भाव कमी-जास्त आला, तर तेवढाच फरक वेगळा दाखवावा. कोणी पितळी घंटा किंवा समई दिली, तर तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत दात्याच्या नावासह व्हावी.

महिन्याच्या शेवटी कीर्दीतल्या नोंदी खतावणीत उतरतात आणि सर्व खात्यांच्या बाकींची तेरीज मांडली जाते. नावे व जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, की खजिनदार सुटकेचा श्वास सोडतो. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबरच असतो असे नाही. एखादा व्यवहार दोन्हीकडे लिहायचाच राहिला, सिमेंटचा खर्च चुकून भंडाऱ्याच्या खात्यात पडला, किंवा एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली गेली, तरीही तेरीज जुळते. गुरुजींची तेरीजही जुळलेली होती.

बँकेची वही आणि देवळाची वही

तेरीज जुळते आणि पासबुक जुळत नाही, याचे कारण एकाच पैशाचा हिशेब दोन ठिकाणी, दोन माणसे, दोन वेगळ्या दिवशी लिहितात. देवळाच्या वहीत धनादेश लिहिल्या दिवशी खर्ची पडतो. बँकेच्या वहीत तो वठल्या दिवशी पडतो. शिवाय देवळाच्या वहीत बँक खाते नावे असते आणि पासबुकात तीच रक्कम जमा असते. यात विरोध नाही. देवळाने पैसे दिले, बँकेने घेतले. बँकेच्या दप्तरात देऊळ हे देणारे, म्हणून त्याला जमा.

या दोन वह्या शेजारी ठेवून फरकाचे कारण शोधणे, म्हणजे बँक जुळवणी पत्रक. गुरुजींच्या वहीचे पत्रक असे होते.

देवळाच्या वहीप्रमाणे शिल्लक १,८६,४०० रुपये.

सिमेंटच्या दुकानदाराला २८ मार्चला १८,५०० रुपयांचा धनादेश दिला. त्याने तो अजून बँकेत भरला नाही. बँकेतून पैसे गेलेले नाहीत, म्हणून ही रक्कम मिळवावी. बेरीज २,०४,९००.

गावच्या एका लेकीने दिलेला ५१,००० रुपयांचा धनादेश ३१ मार्चला संध्याकाळी बँकेत टाकला. वहीत तो त्याच दिवशी आला. १ एप्रिलला वर्षअखेरच्या कामामुळे बँकेचा व्यवहार बंद. म्हणून ही रक्कम वजा करावी. राहिले १,५३,९००.

बँकेने १,३५० रुपये व्याज जमा केले. वहीत त्याची नोंद नाही. मिळवावे. झाले १,५५,२५०.

बँकेने २३६ रुपये शुल्क कापले. नोंद नाही. वजा करावे. राहिले १,५५,०१४.

पुण्याच्या एका भक्ताने मोबाईलवरून ५,००१ रुपये थेट खात्यात टाकले. गुरुजींना कळलेच नाही. मिळवावे. झाले १,६०,०१५.

एका देणगीदाराचा ११,००० रुपयांचा धनादेश वठला नाही, परत आला. वहीत तो आलाच म्हणून लिहिलेला. वजा करावा. राहिले १,४९,०१५ रुपये.

पासबुकातला आकडा हाच. ३७,३८५ रुपयांचा फरक सहा ओळींत उलगडला. बैठकीच्या आदल्या दिवशी हा कागद तयार असता, तर गुरुजींना चष्मा पुसावा लागला नसता.

या सहा कारणांचे दोन गट पडतात. पहिली दोन कारणे काळाची आहेत. दुकानदार धनादेश भरील, लेकीचा धनादेश वठेल, आणि फरक आपोआप मिटेल. त्यासाठी वहीत काही लिहावे लागत नाही. उरलेली चार कारणे सुटलेल्या नोंदींची आहेत. त्या चार नोंदी वहीत करायलाच हव्यात. बँक खाते नावे १,३५० आणि व्याज खाते जमा. बँक खाते नावे ५,००१ आणि जीर्णोद्धार निधी जमा. बँक शुल्क खाते नावे २३६ आणि बँक खाते जमा. परत आलेल्या धनादेशासाठी जीर्णोद्धार निधी नावे ११,००० आणि बँक खाते जमा. या नोंदींनंतर वहीची खरी शिल्लक १,८१,५१५ रुपये होते, आणि ताळेबंदात हाच आकडा जावा. देणगीदाराला धनादेश परत आल्याचे एकांतात सांगावे. चारचौघांत सांगून त्याची शोभा करू नये.

जुळवणी एकदा करून संपत नाही. एप्रिलचे पासबुक आल्यावर ते ५१,००० खरोखर जमा झाले का, हे पाहायलाच हवे. "वाटेत असलेली" रक्कम दोन-दोन महिने वाटेतच राहिली, तर तेथे थांबून चौकशी करावी. अफरातफर झाकण्याची ती जुनी जागा आहे. दुकानदाराला दिलेल्या धनादेशावरही लक्ष हवे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली आहे. मुदतीत तो भरला गेला नाही, तर बँक खाते नावे आणि दुकानदार जमा अशी उलट नोंद करावी. धनादेश शिळा होतो, देणे शिळे होत नाही.

गुणोत्तराचा आरसा

जुळवणी झाली, शिल्लक खरी ठरली. आता त्या शिल्लकेचा अर्थ काय, हे विचारण्याची वेळ आली. येथे गुणोत्तरे उपयोगी पडतात. गुणोत्तर म्हणजे दोन आकड्यांचा परस्परसंबंध. एकटा आकडा फार बोलत नाही.

पहिले चालू गुणोत्तर. हाती असलेला किंवा लवकर रोख होणारा पैसा एका बाजूला, लवकर द्यावयाची देणी दुसऱ्या बाजूला. त्या देवळाचे बँकेत १,८१,५१५ आणि किरकोळ खर्चाची रोख ८,४८५, मिळून १,९०,००० रुपये. देणी मिस्त्रीची ४०,००० आणि दगड पुरविणाऱ्याची ५५,०००, मिळून ९५,०००. प्रमाण २ : १. व्यापारात हे प्रमाण समाधानकारक मानतात. बैठकीत हे कळताच कलशारोहणाला मोठा मंडप आणि बँड ठरविण्याची सूचना येणारच.

पण येथे थांबावे. त्या १,९०,००० मध्ये १,००,००० रुपये कायम निधीचे आहेत. देणाऱ्यांनी ते "मुद्दल राखावे, व्याजातून दिवाबत्ती चालवावी" असे सांगून दिलेले आहेत. त्यांतून मिस्त्रीचे पैसे देता येत नाहीत. ती रक्कम वगळली, की हाती राहतात ९०,००० आणि देणे ९५,०००. प्रमाण एकाच्या खाली आले. जे देऊळ श्रीमंत वाटले, ते पाच हजारांनी कमी पडते आहे. देवळाचे गुणोत्तर काढताना बांधलेला पैसा आधी बाजूला काढावा लागतो. हे न केल्यास गुणोत्तर समितीला फसविते.

म्हणून निधी तीन प्रकारचे ठेवावे. कायम निधी, ज्याचे मुद्दल हलवायचे नाही. विशिष्ट कार्याचा निधी, उदाहरणार्थ शिखराचा किंवा सभामंडपाचा. आणि सर्वसाधारण निधी, ज्यातून रोजचा खर्च चालतो. शिखरासाठी मिळालेला पैसा भंडाऱ्यावर खर्च झाला, तर पैसा देवाच्याच कामी लागला असे म्हणता येईल, पण देणाऱ्याचा शब्द मोडला गेला. पावतीवरच निधीचे नाव छापलेले असले, म्हणजे वाद उरत नाही. त्याचप्रमाणे नवे शिखर बांधण्याचा भांडवली खर्च आणि दरवर्षीच्या रंगरंगोटीचा चालू खर्च हेही वेगळे लिहावे.

दुसरे गुणोत्तर वसुलीचे. बैठकीत ६,००,००० रुपयांच्या देणग्या जाहीर झाल्या आणि हाती ४,५०,००० आल्या, तर वसुली शेकडा ७५. जाहीर झालेल्या आकड्यावर दगडाची मागणी नोंदवू नये. यात कोणाच्या नियतीची शंका नाही. सोयाबीनला पावसाने दगा दिला, तर चांगल्या माणसाचाही शब्द लांबतो. समितीने हे समजून घ्यावे आणि कामाचे टप्पे हाती आलेल्या पैशावर बेतावे.

तिसरे गुणोत्तर खर्चाचे. एकूण ८,००,००० खर्चात पत्रिका, मिरवणूक व जेवणावळीचे ७२,००० असतील, तर शंभरातले ९ रुपये समारंभाला आणि ९१ बांधकामाला गेले. हा आकडा चांगला की वाईट, हे गावाने ठरवावे. पण गावापुढे तो आला पाहिजे.

कायदा आणि रोजचे नियम

१९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. पुढे तो विदर्भालाही लागू झाला, आणि आता त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे आहे. पूर्वी वाशिम परिसर अकोला जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा बदलला तरी विश्वस्तांची कर्तव्ये तीच राहिली. या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे नोंदणी झालेल्या विश्वस्त संस्थेने नियमित हिशेब ठेवावयाचा असतो. कलम ३३ प्रमाणे वर्षाचा हिशेब बंद करून तो लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावयाचा असतो. लेखापरीक्षकाने ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक तयार करून, आढळलेली अनियमितता कलम ३४ प्रमाणे कळवावयाची असते. विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे कळवावे लागते. देवळाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही, हे कलम ३६ सांगते. कित्येक देवस्थानांना इनाम किंवा दान मिळालेली शेती असते. तिच्यासाठी हे कलम कुंपणासारखे आहे.

कायदा वर्षातून एकदा हिशेब पाहतो. रोजचे रक्षण मात्र गावालाच करावे लागते. त्यासाठी थोडे नियम पुरेसे आहेत.

पावतीपुस्तके छापील अनुक्रमांकाची असावीत. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्याव्यात. दानपेटी पाच माणसांसमोर उघडावी, मोजदाद लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. जो पावती फाडतो, त्याच्याच हाती तिजोरी व वही देऊ नये. आलेली रोख जशीच्या तशी बँकेत जावी. तिच्यातून परस्पर खर्च करू नये. किरकोळ खर्चासाठी बँकेतून ठराविक रक्कम काढावी. धनादेशावर दोन सह्या हव्यात, आणि कोऱ्या धनादेशावर आधीच सही करून ठेवण्याची सवय मोडावी. २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय आली. देवळात लावलेली क्यूआर पाटी संस्थेच्याच बँक खात्याची असावी, कोणा पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्याची असू नये. अशा देणगीची पावती दात्याला पाठवावी, म्हणजे ५,००१ रुपये वहीबाहेर राहणार नाहीत. आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणून बँक जुळवणी पत्रक करावे. त्यावर खजिनदाराखेरीज आणखी एका विश्वस्ताची सही घ्यावी, आणि ते सभामंडपाच्या फळ्यावर लावावे.

हे नियम कोणावर अविश्वास दाखविण्यासाठी नाहीत. घराला कडी लावणारा शेजाऱ्याला चोर म्हणत नाही. दुसऱ्याची सही घेणारा खजिनदार आपली बाजू आधीच सुरक्षित करतो.

वऱ्हाडच्या मातीतच संत गाडगेबाबा झाले. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या या महापुरुषाने लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत स्वतःजवळ मडके आणि खराटा एवढाच संसार ठेवला, आणि इमारती विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. जो पैसा लोकांचा, तो लोकांच्या डोळ्यांपुढेच राहावा, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे.

सज्जनहो, आता त्या कल्पनेतल्या गावी परत जावे. समितीतला एक विद्यार्थी, वाणिज्य शाखेत शिकणारा, रात्री पासबुक आणि वही घेऊन गुरुजींच्या ओसरीवर गेला. दोघांनी एकेक नोंदीवर पेन्सिलीने खूण केली. जुळलेल्या नोंदी बाजूला पडल्या, सहा उरल्या. सहांची बेरीज-वजाबाकी झाली आणि उत्तर आले १,४९,०१५. तेव्हा गुरुजींनी टाळी वाजविली की नाही ते ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कागद देवळाच्या फळ्यावर लागला, पासबुक उघडणाऱ्या तरुणाने तो मोठ्याने वाचला, आणि मग तोच गुरुजींच्या घरी गेला.

"गुरुजी, चला. आरतीची येळ झाली."

देवळाचे शिखर दगडाने उभे राहते. ते उभे करणारी माणसे एकमेकांवरच्या विश्वासाने उभी राहतात, आणि तो विश्वास महिन्याच्या महिन्याला वहीत जुळवावा लागतो. या गावच्या नव्या शिखराखाली अशी जुळलेली वही सदैव राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.